एक सेंटचा हिरवा फ्रँकलिन: ओळख पटवण्याचं एक प्रकरण

हे प्रकरण ज्यांचं आहे त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. माणसांच्या खुणा बदलल्या आहेत, तिकिटाचे तपशील मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत. अमेरिकन तिकिटं जमवणाऱ्या मराठी घरांतून मला वरचेवर एकच प्रश्न येतो: "आमच्याकडचं हे तिकीट ते महागडं तर नाही ना?" बहुतेक वेळा उत्तर पाच मिनिटांत "नाही" असं देता येतं. या वेळी तसं झालं नाही, आणि त्यात माझीही एक चूक झाली. म्हणून हे सविस्तर.

## पार्श्वभूमी

काका मूळचे सांगली भागातले. सत्तरच्या दशकात इंजिनियर म्हणून न्यू जर्सीत आले ते इथलेच झाले. शाळेत असताना भारतीय तिकिटांची वही होती, इथे आल्यावर ऑफिसच्या टपालातून अमेरिकन तिकिटं जमू लागली, आणि निवृत्तीनंतर हा छंद चांगलाच वाढला. शनिवारी सकाळी आसपासच्या गावांत घरगुती सामानाची विक्री कुठे आहे ते बघायचं आणि गाडी काढायची. अशाच एका विक्रीत, पेनसिल्व्हेनियातल्या एका जुन्या घरी, त्यांना सिगारचा लाकडी डबा मिळाला. आठ डॉलर दिले. आत पावणेचारशेच्या आसपास तिकिटं होती आणि सगळी एकाच तऱ्हेची: एक सेंटची, हिरवी, बेंजामिन फ्रँकलिनचा चेहरा असलेली, वापरलेली.

हे तिकीट १७ जानेवारी १९२३ ला निघालं. १७ जानेवारी हा फ्रँकलिनचा जन्मदिवस. १७७५ मध्ये तो पहिला पोस्टमास्टर जनरल झाला, त्यामुळे अमेरिकन टपालाला त्याचं अगत्य पहिल्यापासूनच. १८४७ साली देशाची पहिली दोन तिकिटं निघाली, त्यातल्या पाच सेंटच्या तिकिटावर तोच होता. १९२३ मध्ये एक सेंटला पोस्टकार्ड जायचं. तेव्हा ही हिरवी तिकिटं किती छापली गेली असतील याची कल्पना करता येईल. आज साधं वापरलेलं तिकीट चार-दोन सेंटांना पडतं.

पण चेहरा तोच, रंग तोच, किंमत तीच असूनही स्कॉट कॅटलॉगमध्ये, म्हणजे संग्राहक वापरतात त्या क्रमवार यादीत, या एका तिकिटाला बरेच वेगवेगळे क्रमांक आहेत: ५५२, ५७५, ५७८, ५८१, ५९४, ५९६, ५९७, ६०४, ६३२. नवख्या माणसाला हे छळ वाटतं. मला यातच या छंदाची खरी गोडी वाटते, कारण प्रत्येक क्रमांकामागे छापखान्यात घडलेली एखादी गोष्ट असते.

ती गोष्ट थोडक्यात अशी. १८९४ पासून अमेरिकेची तिकिटं वॉशिंग्टनमधल्या 'ब्यूरो ऑफ एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग'मध्ये छापली जात. जुनी पद्धत सपाट पत्र्याची: कोरलेला पत्रा सपाट ठेवायचा, कागद ओला करायचा, एकेक ताव छापायचा. पुढे बेंजामिन स्टिकनीनं रोटरी यंत्र बनवलं आणि १९१४ पासून गुंडाळीची तिकिटं, म्हणजे कॉइल, त्यावर छापली जाऊ लागली. रोटरीसाठी पत्रा वाकवून सिलिंडरवर बसवावा लागतो. वाकवताना पत्र्याची बाहेरची बाजू ताणली जाते आणि कोरलेलं चित्र त्या दिशेनं किंचित लांबतं. सपाट पत्र्याच्या तिकिटातलं चित्र १८.५ ते १९ मिलिमीटर रुंद आणि २२ मिलिमीटर उंच असतं. रोटरीच्या शीटमधलं तिकीट तेवढंच रुंद, पण २२.५ उंच. फरक अर्ध्या मिलिमीटरचा, पण क्रमांक त्यावर ठरतो.

दुसरा फरक कडेच्या छिद्रांचा (दोन छिद्रांमध्ये कागदाचं जे टोक उरतं तो दाता). दोन सेंटिमीटरच्या अंतरात किती छिद्रं बसतात, तो आकडा. सपाट पत्र्याच्या ५५२ ला चारही बाजूंनी ११. रोटरीच्या शीटला आधी चारही बाजूंनी १० (ते ५८१), आणि १९२७ पासून वर-खाली ११, बाजूंना साडेदहा (ते ६३२). थोडक्यात, रोटरीवर छापलेलं आणि चारही बाजूंनी ११ छिद्रांचं असं तिकीट नेहमीच्या कामात तयारच होत नव्हतं.

पण ब्यूरोत काटकसर कडक होती. रोटरीवर छापलेले, पण नेहमीच्या मापात न बसणारे उरलेसुरले तुकडे फेकण्याऐवजी सपाट पत्र्याच्या तावांसाठी असलेल्या ११ च्या छिद्रयंत्रातून काढून टपालात पाठवले जात. गुंडाळीच्या उरलेल्या कागदातून जे आलं ते ५९४. शीटच्या उरलेल्या कागदातून जे आलं ते ५९६. आज माहीत असलेली ५९६ डझनभराच्या आसपास आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांवर मिसुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीचा, टपालात पडण्याआधीच छापलेला शिक्का आहे. कॅटलॉगमधला आकडा एक लाख डॉलरच्या वर जातो.

## अडचण

काकांच्या डब्यात एक तिकीट बाकीच्यांपासून वेगळं, जुन्या पिवळ्या पडलेल्या ग्लासिनच्या पाकिटात होतं. पाकिटावर पेन्सिलीनं कुणीतरी लिहिलं होतं: "५९६?"

काकांचा फोन आला तेव्हा आवाजात धाप होती. "अगं, जरा येऊन बघतेस का? मी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा अकराच येतंय."

जाताना मला जवळजवळ खात्री होती की हे ६३२ निघणार. दहातली नऊ प्रकरणं तशीच निघतात. साडेदहा आणि अकरा यांत दोन सेंटिमीटरमागे अर्ध्याच छिद्राचा फरक. प्लॅस्टिकची साधी पट्टी थोडी तिरकी धरली तरी साडेदहा अकरासारखं दिसतं. म्हणून मी माझी धातूची पट्टी नेली. दिवा ओढून घेतला, तिकीट चिमट्यानं काळ्या कागदावर ठेवलं आणि आधी डावी बाजू मोजली, कारण साडेदहा असेल तर तिथेच सापडणार. पट्टीवरच्या रेघा आणि छिद्रं वरपासून खालपर्यंत एकावर एक बसली. अकरा. उजवी बाजू, अकरा. वर आणि खाली, अकरा. काकांनी बरोबर मोजलं होतं.

मग राहिलं चित्राचं माप. त्यासाठी पट्टीपेक्षा चांगली एक युक्ती आहे. एखादं फाटकं, बिनकिमतीचं ५५२ घ्यायचं आणि त्याचे कोपरे असे कापायचे की चौकटीच्या बाहेरचा पांढरा कागद उरू नये. ते संशयित तिकिटावर ठेवायचं आणि खालची चौकट खालच्या चौकटीशी जुळवायची. दोन्ही सपाट पत्र्याची असतील तर वरची चौकटही जुळते. मी कापलेलं ५५२ ठेवलं, खालची रेघ जुळवली, भिंग वर सरकवलं. वरच्या कडेबाहेर खालच्या तिकिटाची हिरवी रेघ स्पष्ट डोकावत होती. कापलेल्या तिकिटाच्या वर अर्धा मिलिमीटर हिरवं. म्हणजे रोटरी.

रोटरी आणि चारही बाजूंनी अकरा. माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, हे ५९६ असू शकतं."

हे वाक्य मी तेव्हा बोलायला नको होतं. काकूंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. काका काही बोलले नाहीत, पण थोड्या वेळानं त्यांनी नातीच्या कॉलेजच्या फीचा विषय काढला, आणि तो कशामुळे निघाला हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

खरं तर त्याच वेळी दोन गोष्टी माझ्या समोर होत्या. तिकिटावरचा शिक्का हातानं मारलेला, जाड काळ्या पट्ट्यांचा होता. छापील कॅन्सस सिटीचा नव्हता. मी मनात म्हटलं, सगळ्यांवर तो शिक्का असलाच पाहिजे असं थोडंच आहे. दुसरी गोष्ट: चित्र इतकं नेमकं मध्यावर होतं की मी त्याची तारीफ केली. डावीकडचा आणि उजवीकडचा समास सारखाच, आणि दोन्ही जरा अरुंद. याचं कारण मात्र मी स्वतःला विचारलं नाही.

## समोरचे पर्याय

तेवढ्यात काकांनी एका तिकीट-व्यापाऱ्याला तिकिटाचा फोटो पाठवलेला होता. त्यानं तीनशे डॉलर देऊ केले होते, "आहे तसं" या बोलीवर. वरवर पाहता आठ डॉलरच्या डब्यातून तीनशे डॉलर हा उत्तम सौदा. पण तो रास्त आहे की नाही हे ठरवायला आमच्याकडे काहीच आधार नव्हता. तिकीट खरं असेल तर काका फार मोठी रक्कम तीनशेत सोडून देत होते. खोटं असेल तर एक खोटं तिकीट तीनशे डॉलरच्या किमतीनं बाजारात जात होतं, आणि ते पुढे कुणाच्या गळ्यात पडेल हे सांगता येत नव्हतं.

काकांच्या मुलाचं म्हणणं वेगळं. "बाबा, ऑनलाइन लिलावात टाका. 'कदाचित ५९६' असं लिहा, जाणकार असेल तो बोली लावेल." या सूचनेत वाईट हेतू अजिबात नव्हता. आजकाल सगळं तसंच विकलं जातं. पण 'कदाचित' या शब्दावर बोली लावतात ते बहुधा नवखे, आशेवर जगणारे लोक. जाणकार माणूस प्रमाणपत्र मागतो.

तिसरा पर्याय तज्ज्ञांकडे पाठवण्याचा. अमेरिकेत हे काम करणाऱ्या जुन्या, विश्वासाच्या संस्था आहेत. १८८६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन फिलाटेलिक सोसायटीची तज्ज्ञसेवा पेनसिल्व्हेनियातल्या बेलफाँटमधून चालते. न्यूयॉर्कमध्ये फिलाटेलिक फाउंडेशन आहे. पाठवलेल्या तिकिटाची जाणकार तपासणी करतात आणि फोटोसह लेखी मत देतात. शुल्क तिकिटाच्या अपेक्षित किमतीवर ठरतं, त्यामुळे ते आठ डॉलरच्या डब्यापेक्षा कितीतरी जास्त होणार होतं. शिवाय काही आठवडे वाट पाहायची.

चौथा पर्याय काकूंचा: "असू दे ना घरात. ठरवलंच नाही तर काय बिघडतं?" मला तो तेव्हा पळवाट वाटला होता. नंतर लक्षात आलं की त्यात एक बाजू चांगली होती: घाई नको. पण "५९६?" लिहिलेलं तिकीट काकांच्या पश्चात मुलांच्या हाती गेलं असतं तर प्रश्न तसाच पुढे सरकला असता. डब्याच्या आधीच्या मालकाच्या बाबतीत बहुधा हेच झालं होतं.

आम्ही तज्ज्ञांकडे पाठवायचं ठरवलं. शुल्क बुडालं तरी चालेल, पण खरं काय ते कळू दे, असं काका म्हणाले. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच, आणि तो त्यांचा होता.

## काय केलं

पहिली गोष्ट म्हणजे तिकीट धुवायचं नाही. मागे जुन्या हिंजचा, म्हणजे तिकीट वहीत चिकटवायच्या कागदी बिजागरीचा, एक तुकडा राहिला होता. काकांना तो कोमट पाण्यात सोडवून तिकीट "स्वच्छ करून" पाठवायचं होतं. मी थांबवलं. पाण्यानं कागद फुगतो, वाळताना पुन्हा आकसतो, दाबून ठेवावं लागतं. आणि इथे तर सगळा वाद अर्ध्या मिलिमीटरचा. हिंजच्या तुकड्यानं तिकिटाचं मोल काही कमी होत नव्हतं.

दुसरं, पुढून आणि मागून मोठ्या आकाराचं स्कॅन केलं. पाठवलेलं आणि परत आलेलं तिकीट एकच आहे हे दाखवायला ते उपयोगी पडतं, आणि पडद्यावर मोठं करून पाहिलं की डोळ्यांना एरवी न दिसणारं दिसतं. स्कॅन केलं, फाइल नावासकट जपून ठेवली, आणि मी तो स्कॅन निगुतीनं पाहिलाच नाही. उत्तर त्यात होतं.

तिसरं, तिकीट काळ्या तबकडीत ठेवून त्यावर वॉटरमार्क पाहण्याचं द्रव्य सोडलं. या मालिकेच्या कागदात जलचिन्ह नसतं. १८९५ पासून यूएसपीएस अक्षरांचं जलचिन्ह असायचं, आधी दुहेरी रेघांचं, १९१० पासून एकेरी, आणि १९१६ पासून ते बंद झालं. पण त्याच द्रव्यात कागद कुठे पातळ झालाय का, घडी पडलीय का, भोक बुजवलंय का, हेही काळ्या डागासारखं उमटतं. तसं काही दिसलं नाही. इथे मी स्वतःला नको तितकं निश्चिंत करून घेतलं. द्रव्यानं कागदाचं उत्तर दिलं होतं, कडांबद्दल ते काही सांगत नाही.

मग अर्ज. त्यावर आपल्या मते क्रमांक कोणता ते लिहायचं असतं. आम्ही ५९६ लिहिलं. तिकीट पारदर्शक खिशात, खिसा दोन पुठ्ठ्यांमध्ये, आणि रजिस्टर्ड टपालानं रवाना.

वाट पाहण्याच्या त्या आठवड्यांत आम्ही बाकीचा डबा छाटायला घेतला. दर रविवारी दुपारी दोन तास. कापलेलं ५५२ आता काकांच्याच हातात होतं आणि त्यांचा हात लवकर बसला. मागची बाजू पाहायलाही ते शिकले: सपाट पत्र्यावर एकावर एक रचलेल्या ओल्या तावांमुळे तिकिटांच्या पाठीवर पुष्कळदा हिरवे ठिपके उमटलेले असतात, रोटरीची पाठ बहुधा स्वच्छ असते. यातून ५५२ चा ढीग सगळ्यात मोठा झाला, त्याखालोखाल ६३२, आणि एकोणीस ५८१ निघाली. त्यातल्या एकाच्या बाजू मोजताना काका म्हणाले, "या दहाच्या दात्यांची टोकं बघ, केसाळ आहेत." मी "हो" म्हटलं आणि पुढचं तिकीट घेतलं. तेव्हा त्याचं महत्त्व मला कळलं नाही.

## निकाल

प्रमाणपत्र आलं. मजकूर तीन ओळींचा: हे ५९६ नाही. रोटरीवर छापलेल्या नेहमीच्या तिकिटाच्या डाव्या आणि उजव्या बाजू कापून तिथे पुन्हा छिद्रं पाडलेली आहेत.

मी गाडी काढून काकांकडे गेले. तिकीट आणि एक साधं ६३२ शेजारी ठेवलं आणि भिंगाखाली पुन्हा पाहायला बसलो. या वेळी चित्र सोडून फक्त कडा पाहिल्या.

वरच्या आणि खालच्या बाजूला दात्यांची टोकं केसाळ होती. तिकिटं तावापासून फाडून वेगळी केली जातात तेव्हा दोन छिद्रांमधला कागद तुटतो आणि टोकावर कागदाचे बारीक तंतू उभे राहतात. डावी-उजवीकडे टोकं सपाट होती, कात्रीनं छाटल्यासारखी. तंतू नव्हतेच.

मग शिक्का. काळ्या पट्ट्यांपैकी दोन पट्ट्या उजव्या कडेवरून बाहेर जात होत्या. १९२० च्या दशकात टपालखात्यात शिक्का मारताना जी छिद्रं होती, त्यांच्या काठावरही शाई लागलेली असणार, अर्धगोलाच्या आत काळी किनार दिसायला हवी. वरच्या बाजूच्या दोन छिद्रांत ती दिसत होती. उजवीकडे, पट्टी जिथे छिद्राला भिडत होती तिथे, छिद्राची आतली कड पांढरी शुभ्र. म्हणजे शिक्का आधी आणि छिद्रं नंतर.

आणि रुंदी. कॅटलॉगचं माप असतं चित्राचं. अख्ख्या कागदाची रुंदी मी मोजलीच नव्हती. शेजारच्या ६३२ पेक्षा काकांचं तिकीट डोळ्यांना दिसण्याइतकं अरुंद होतं. दोन्ही बाजूंचे जुने दाते कापून नवे पाडायचे तर कागद दोन्हीकडून कमी होणारच. माझ्या तारिफेला पात्र ठरलेला तो नेमका मध्यभाग असा तयार झाला होता.

मूळ तिकीट बहुधा ६३२ होतं: वर-खाली अकरा छिद्रं त्याचीच, ५८१ ला तिथेही दहाच असतात. साडेदहाच्या ज्या बाजूंवरून ते लगेच कळलं असतं, त्याच कापून टाकल्या आहेत.

काका बराच वेळ भिंगातून डोळा न काढता बसले होते. मग म्हणाले, "कुणीतरी बसून हे केलंय. किती वेळ घातला असेल यात." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, पण वाईट वाटलेलं कळत होतं.

मुलाचा फोन आला तेव्हा ऑनलाइन विक्रीचा विषय पुन्हा निघाला. व्यापाऱ्याचे तीनशेही अजून समोर होते. त्याला प्रमाणपत्राबद्दल माहिती नव्हती. काकांनी दोन्हीला नाही म्हटलं. मुलाला म्हणाले, "घेणाऱ्याला काय सांगू? मला माहीत आहे, तुला माहीत नाही, म्हणून पैसे दे?" यावर मुलगाही पुढे काही बोलला नाही.

तिकिटाचं काय करायचं हा शेवटचा प्रश्न. प्रमाणपत्र आणि तिकीट एका खिशात ठेवलं की काम झालं असं काकांना वाटत होतं. माझा आग्रह होता की तिकिटाच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनं लिहावं, कारण कागद आणि तिकीट वेगळे व्हायला वेळ लागत नाही. घर बदलतं, वही बदलते, माणूस जातो. काकांना तिकिटावर लिहिणं जड गेलं. साठ वर्षं तिकिटाला बोट लागू न दिलेला माणूस तो. शेवटी त्यांनी स्वतःच पेन्सिल घेतली आणि पाठीवर इंग्रजीत, अगदी बारीक अक्षरांत, दोन्ही बाजूंना पुन्हा छिद्रं पाडलेली आहेत असं लिहिलं. वहीच्या पानावर मात्र मराठीत लिहिलं, "डाव्या-उजव्या दात्यांवर विश्वास ठेवू नये."

## निर्णयाच्या जागा, आणि आता काय वेगळं करेन

परत मागे वळून पाहताना तीन जागा ठळक दिसतात.

पहिली माझी. चित्राचं माप आणि छिद्रं जुळली आणि मी तिथेच थांबले. ओळख पटवायला एवढं पुरे, पण खरेपणा तपासायला पुरे नाही. ही दोन कामं वेगळी आहेत. पट्टी सांगते की आज या कडेला अकरा छिद्रं आहेत. ती छिद्रं १९२३ मध्ये ब्यूरोत पडली की कुणाच्या तरी घरी, हे पट्टीला कळत नाही. दुर्मीळ क्रमांक जर छिद्रांवर अवलंबून असेल, तर आता मी आधी कडा पाहते: दात्यांची टोकं फाटलेली की कापलेली, शिक्क्याची शाई छिद्राच्या काठावर आहे की नाही, आणि त्याच छपाईच्या साध्या तिकिटाशेजारी ठेवल्यावर अख्खा कागद तेवढाच रुंद भरतो का. क्रमांक त्यानंतर. आणि तो घरच्यांसमोर मोठ्यानं म्हणायचा प्रसंग तर सगळ्यात शेवटी. काकूंच्या आणि काकांच्या मनात मी जी आशा जागवली ती प्रमाणपत्राच्या शुल्कापेक्षा महाग होती.

दुसरी जागा विसंगतीची. जगात डझनभराच्या आसपास ठाऊक असलेलं तिकीट समोर आहे असं वाटत असेल आणि त्याचा शिक्का त्यातल्या बहुतेकांशी जुळत नसेल, तर त्याची वेगळी नोंद करून ठेवायला हवी होती. मी ती गोष्ट मनातल्या मनात समजावून सांगितली आणि पुढे गेले. अमेरिकन तिकिटांत कितीतरी नावाजलेली दुर्मीळ रूपं एकाच बारीक खुणेवर उभी असतात. १८६८ च्या सुमारास निघालेलं एक सेंटचं निळं फ्रँकलिन आहे, झेड ग्रिल म्हणतात ते. कागदात दाबलेल्या बारीक चौकड्यांच्या ठशावरून ते ओळखतात. साध्या निळ्या फ्रँकलिनपेक्षा चेहऱ्यात काही वेगळं नाही, आणि तरी जगात दोनच आहेत, त्यातलं एक न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या संग्रहात. अशा तिकिटांमागे लबाडी येणारच, आणि लबाडी करणारा कॅटलॉग आपल्यापेक्षा बारकाईनं वाचतो. छिद्रांचं काम तर सोपं: सपाट कड असलेल्या तिकिटाला छिद्रं पाडायची, छिद्रं असलेल्याची कड कापून कॉइल म्हणून विकायचं. म्हणूनच जुनी कॉइल तिकिटं शक्यतो जोडीनंच घ्यावीत. एकट्या तिकिटाची कड कापणं सोपं असतं.

तिसरी जागा पाकिटावरच्या त्या प्रश्नचिन्हाची. "५९६?" लिहिणाऱ्यानं कदाचित प्रामाणिकपणे शंका नोंदवली असेल. कदाचित त्यानंच छिद्रं पाडली असतील. आम्हाला कळायला मार्ग नाही. पण त्याला काय दिसलं आणि काय खटकलं, एवढं जरी पाकिटात चिठ्ठी ठेवून लिहिलं असतं, तरी काकांचे अनेक आठवडे वाचले असते. आता काकांच्या वहीत प्रत्येक शंकास्पद तिकिटाखाली तारीख, माप, कुठल्या पट्टीनं मोजलं, आणि काय खटकतंय, एवढं लिहिलेलं असतं.

व्यापाऱ्याच्या बोलीबद्दलही मला मत द्यायचं आहे. तीनशे डॉलर ही ना खऱ्याची किंमत होती ना खोट्याची. पण "आहे तसं" या बोलीत फसवणूक नव्हती. निर्णयाचं ओझं त्यानं विकणाऱ्यावर ठेवलं होतं, एवढंच. अशा वेळी घरातल्यांनी एकमेकांना विचारायला हवं की आपण नक्की कशाचे पैसे घेतो आहोत. हा प्रश्न आम्ही त्या दिवशी काकांच्या स्वयंपाकघरात विचारला असता, तर पर्यायांची चर्चा एका वाक्यात संपली असती.

डब्यातल्या तिकिटांची छाटणी अजून चालू आहे. बारा तिकिटांच्या बाबतीत काकांचं आणि माझं जमत नाही. त्यांच्या मते चित्र बावीस मिलिमीटरचं, माझ्या मते त्याहून जरा जास्त. ती वेगळ्या पाकिटात आहेत, आणि पाकिटावर दोघांचीही मापं लिहिलेली आहेत.